नाव आपले, अंगठा कुणाचा?



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी लिहितो. या वेळचा विषय वेगळा आहे, पण तो गट कार्यालयाच्या टेबलावरच आमच्यापुढे येतो, म्हणून लिहिणे भाग आहे. बिलाची चौकशी करायला येणाऱ्या काही सभासदांची तक्रार हल्ली वजनाची नसते, दराचीही नसते. "साहेब, हे कर्ज मी काढलेलं नाही," "हे खातं माझं नाही," "ही सही माझी नाही," अशी ती असते. पुढे चौकशी करावी तर सही करणारा परका कुणी निघत नाही. पोटचा मुलगा असतो, पाठचा भाऊ असतो, पुतण्या असतो, क्वचित जावईही असतो.

बाहेरचा चोर असला तर माणूस वाडी गोळा करतो. घरचा असला तर आधी दार लावून घेतो. दार लावल्याने नुकसान थांबत नाही, उलट वाढते. एवढेच या लेखात आम्हाला सांगायचे आहे.

सभासदाच्या नावाला किंमत किती?

आपले नाव म्हणजे नुसती हाक मारायची सोय नव्हे. कारखान्याचा भाग दाखला त्या नावावर असतो. सातबारा, विकास सोसायटीचे कर्ज, उसाची नोंद, उसाचे बिल, सभासदाची साखर, सगळे त्याच नावावर. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याच्या कलम २७ प्रमाणे भाग एक असो की शंभर, सभासदाला मत एकच, आणि ते त्याने स्वतः हजर राहून द्यायचे. दुसऱ्याच्या हाती ते देता येत नाही. मत दुसऱ्याला देऊ नये एवढी काळजी कायद्याने घेतली. आपण मात्र सही, अंगठा, आधार कार्ड, मोबाईल आणि एटीएमचा पिन घरातल्या कुणाच्याही हाती देऊन मोकळे होतो.

याची सुरुवात चोरीने होत नाही, मदतीने होते. वडिलांना चष्म्याशिवाय दिसत नाही, मुलगा शिकलेला. फॉर्म तो भरतो, रांगेत तो उभा राहतो. यात वाईट काहीच नाही. पुढे वडिलांकडे साधा फोन आहे म्हणून आधारला आणि बँकेला मुलाचा मोबाईल नंबर लागतो. इथे मात्र गोष्ट बदलते. आता आधारचा ओटीपी मुलाला येतो. बँकेचा मेसेजही मुलालाच येतो. पैसे आले, गेले, कर्ज निघाले, हप्ता चुकला, यातले काहीही ज्याच्या नावाने झाले त्याला कळायचा मार्ग उरत नाही. निर्मळ मनाच्या मुलाच्या हाती हा नंबर असला तर ती सोय असते. पण अडचणीत सापडलेल्या मुलाच्या हाती असला तर तीच तिजोरीची किल्ली होते.

एका सभासदाची हकीगत

नाव, गाव सांगत नाही. ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. हकीगत छापायला त्यांची हरकत नाही, "दुसऱ्याचं तरी वाचेल" असे ते म्हणाले.

तात्या पासष्टीच्या पुढचे. पावणेचार एकर बागायत, आडसाली उसाची नोंद दरवर्षी वेळेवर. एके दिवशी ते गट कार्यालयात आले आणि दुसरा हप्ता कधी निघणार म्हणून विचारू लागले. कारकुनाने यादी पाहिली आणि म्हणाला, "तात्या, हप्ता जमा होऊन पंधरा दिवस झाले की."

"कुठं जमा झाला?"

"तुमच्याच खात्यावर."

खाते तात्यांच्याच नावाचे होते, पण बँक दुसरी. खाते बदलण्याचा अर्ज फाईलला होता, त्यावर सही होती, सोबत पासबुकाची प्रत होती. तात्यांनी सही बराच वेळ पाहिली. "माझीच वाटती, पण मी केलेली नाही," एवढेच म्हणाले.

मागून उलगडा झाला तो असा. "किसान सन्मानचं केवायसी करायचंय" असे सांगून धाकट्या मुलाने त्यांना बाजारपेठेच्या गावी नेले होते. तिथे त्यांनी यंत्रावर अंगठा ठेवला. तो अंगठा नवीन खाते उघडण्यासाठी होता. खात्याला नंबर मुलाचा, एटीएम कार्ड मुलाकडे. त्याच नावावर, त्याच ओटीपीवर मोबाईलवरून दोन लहान कर्जेही निघालेली. मुलगा मोबाईलवरच्या पैशाच्या खेळात बुडाला होता आणि एक खड्डा बुजवायला दुसरा खणत होता.

आम्ही तात्यांना त्याच दिवशी बँकेला लेखी कळवायला सांगितले. त्यांनी मान हलवली आणि घरी गेले. पाच महिने काहीच केले नाही. थोरल्या मुलीच्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालू होती. मामा चोर निघाला हे गावात झाले तर सोयरीक मोडेल, ही भीती. आई म्हणायची, "आपलंच पोर आहे, फेडंल." त्या पाच महिन्यांत आणखी एक हप्ता त्याच खात्यावर गेला, दोनाची तीन कर्जे झाली आणि वसुलीवाल्यांचे फोन थोरल्या भावाला येऊ लागले. लग्न ठरायच्या आधीच गावाला सगळे कळले होते.

घरचा असला तरी ती चोरीच

"घरातल्या घरात कसली आली चोरी?" असे अनेक जण विचारतात. कायद्यात नात्याला सूट नाही. भारतीय न्याय संहिता, २०२३ ही १ जुलै २०२४ पासून लागू झाली आहे. तिच्या कलम ३१९ प्रमाणे आपण दुसरेच कुणी आहोत असे भासवून फसवणूक केली तर ५ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. फसवणुकीसाठी खोटा दस्तऐवज केला तर कलम ३३६ प्रमाणे ७ वर्षांपर्यंत. खोटा कागद खरा म्हणून वापरणे हाही गुन्हाच, तो कलम ३४० खाली येतो. दुसऱ्याचा पासवर्ड, इलेक्ट्रॉनिक सही किंवा तशीच ओळखीची खूण लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या कलम ६६-क खाली वेगळा गुन्हा आहे. त्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड आहे.

भगिनींविषयी येथेच सांगितले पाहिजे. बहिणीच्या जागी दुसरीच बाई उभी करून हक्कसोड पत्र नोंदवणे, हा भावाभावांतला व्यवहार म्हणून खपवला जातो. नोंदणी अधिनियम, १९०८ याच्या कलम ८२ प्रमाणे तोतया उभा करणे हा ७ वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. असा दस्त रद्द करून मागायचा दावा, हकीगत कळल्यापासून ३ वर्षांच्या आत करावा लागतो. "माहेर तुटेल" म्हणून थांबणाऱ्या बहिणीची मुदत कॅलेंडरावर संपत जाते.

घरच्या माणसाने अंगठ्याचा लाभ उठवावा ही गोष्ट मोबाईल आल्यावर सुरू झाली असेही नाही. विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८५८ साली बंगालमध्ये जंगीपूर येथे राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला, पुढे त्याने करार नाकारू नये म्हणून. नंतर १८७७ साली हुगळी येथे त्याने पेन्शनरांच्या बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. कारण पेन्शनर वारला तरी त्याच्या नावाने नातेवाईक पेन्शन उचलत. म्हणजे अंगठ्याचा ठसा सरकारदरबारी रुजला त्यामागे घरच्या माणसाची तोतयेगिरी हेही एक कारण होते. आजही एखाद्या सभासदाच्या मृत्यूची नोंद कारखान्याकडे येत नाही, ऊस त्याच नावाने गाळला जातो, आणि विधवेच्या आधी दीर बिल उचलतो, तेव्हा प्रकार तोच असतो.

गप्प बसण्याची किंमत

आपल्याला कळल्यानंतर आपण गप्प बसलो, किंवा लाजेखातर एखादा हप्ता भरून टाकला, तर पुढे सावकार किंवा बँक म्हणणार, "तुमची संमती होती." भारतीय करार अधिनियम, १८७२ याप्रमाणे दुसऱ्याने आपल्या वतीने केलेल्या व्यवहाराला मागाहून दिलेली संमती ही वागणुकीवरूनही धरली जाते. खोट्या सहीची गोष्ट निराळी आहे असे न्यायालयात भांडता येते, पण ते भांडण वर्षानुवर्षांचे. म्हणून आपल्या नावाचा पण आपला नसलेला हप्ता लेखी हरकत घेतल्याशिवाय भरू नये.

बँकेतल्या पैशाचेही तसेच. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने एक तत्त्व घालून दिले आणि डिसेंबर २०१७ मध्ये ते सहकारी बँकांनाही लागू केले. ग्राहकाने स्वतःच पिन किंवा पासवर्ड दुसऱ्याला दिला आणि त्यातून पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. मुलाला विश्वासाने दिलेला पिन हा दिलेलाच पिन होय. तेव्हा कळवण्याची तारीख हीच खरी मेर आहे. ती आज टाकायची की पाच महिन्यांनी, एवढेच आपल्या हाती असते.

हुमणी लागलेल्या उसाचे आपल्याला ठाऊक आहे. वरचे पान पिवळे पडते तेव्हा खाली मुळी बरीचशी खाल्लेली असते. "बघू, पाऊस पडला की सुधारेल" म्हणणाऱ्याचा फड जातो.

कळल्यावर काय करावे

पहिले, त्याच दिवशी बँकेला कळवून खात्यावरचा व्यवहार, कार्ड आणि मोबाईल सेवा बंद करून घ्यावी. तोंडी सांगू नये. अर्ज दोन प्रतींत द्यावा आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख घ्यावी. नुकतेच पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर लगेच फोन करावा. जितक्या लवकर, तितके पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता अधिक.

दुसरे, कारखान्याच्या शेतकी आणि हिशोब खात्याला लेखी कळवावे, म्हणजे पुढील बिल चुकीच्या खात्यावर जाणार नाही. सोसायटीच्या सचिवालाही प्रत द्यावी. फेरफाराची नोटीस आली असेल तर तलाठ्याकडे मुदतीत लेखी हरकत घ्यावी.

तिसरे, आधारला लागलेला मोबाईल नंबर आधार केंद्रावर स्वतः जाऊन बदलावा. मग आधारच्या संकेतस्थळावरून किंवा ॲपवरून बोटांच्या ठशांना कुलूप लावता येते. कुलूप असेपर्यंत त्या आधारवर अंगठा लावून पैसे निघत नाहीत. आपले आधार गेल्या सहा महिन्यांत कुठे कुठे वापरले गेले याची यादीही तेथे पाहता येते. चौकशीसाठी क्रमांक १९४७. आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत ते सरकारच्या संचार साथी या संकेतस्थळावर दिसते.

चौथे, आपल्या नावावर एकूण कर्जे किती, हे पाहावे. सिबिल आणि तिच्यासारख्या आणखी तीन कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनाशुल्क मिळतो. चुकीची नोंद असेल तर तक्रार करावी. ३० दिवसांत निवारण झाले नाही तर पुढील दर दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे. हा अहवाल मात्र ज्याच्यावर संशय आहे त्याच्याच मोबाईलवरून काढू नये.

पाचवे, हे सर्व झाल्यावर घरची बैठक घ्यावी. आधी बैठक आणि मग अर्ज, असा क्रम ठेवू नये. बैठकीत रडारड होते, शपथा होतात आणि अर्ज राहून जातो.

पोलिसांत जावे काय?

हा प्रश्न आम्हाला सर्वांत जास्त विचारला जातो. त्याचे उत्तर आम्ही कुणाच्या वतीने देऊ शकत नाही. दोन्ही बाजू मात्र माहीत असाव्यात.

पोलिसांत तक्रार नसेल तर बरेचदा कर्ज देणारी कंपनी "सही खोटी आहे" हे म्हणणे ऐकून घेत नाही, तक्रारीची प्रत मागते. म्हणजे तक्रार टाळली तर कर्ज आपल्या गळ्यात राहण्याचा धोका. उलट बाजूने, तक्रार म्हणजे घरात धाक दाखवायची काठी नव्हे. फसवणुकीच्या गुन्ह्यात न्यायालयाच्या परवानगीने तडजोड होऊ शकते. खोट्या दस्तऐवजाचा गुन्हा नोंदला गेला की तो आपसात मिटवून मागे घेता येत नाही, त्यासाठी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते. म्हणून रागाच्या भरात जाऊ नये आणि लाजेच्या भरात थांबूही नये. आधी वकिलाचा सल्ला घ्यावा. मुलगा पैसे फेडायला तयार असेल तर परतफेडीचा कागद रीतसर करून घ्यावा, पण "पैसे दिलेस तर केस करणार नाही" अशी अट त्यात घालू नये. गुन्हा दडपण्याच्या मोबदल्याचा करार कायद्यापुढे टिकत नाही.

आणि एक गोष्ट. ज्याने हे केले तो बहुधा कशात तरी अडकलेला असतो. खेळ असेल, खाजगी सावकारी असेल, दारू असेल. ते मूळ न शोधता नुसते कर्ज फेडले तर पुढच्या हंगामात तोच कागद पुन्हा समोर येतो. वडिलांनी गुपचूप फेडले की थोरला भाऊ आणि बहिणी यांच्यावर अन्याय होतो तो वेगळाच, कारण फिटते ते त्यांच्याही वाट्यातून.

तात्यांनी अखेर थोरला मुलगा आणि बायकोचा भाऊ यांना बरोबर घेऊन बँकेत अर्ज दिला. खाते बंद झाले, बिल जुन्या खात्यावर येऊ लागले. तीन कर्जांसाठी त्यांनी पोलीस ठाण्यात तक्रारही दिली. कागद देण्याच्या आदल्या रात्री त्यांनी धाकट्याला स्वतः सांगितले, "उद्या मी जाणार आहे, तू घरीच थांब, पळू नको." तो थांबला. एक कर्ज त्यांच्या नावावरून निघाले, दोहोंचा वाद चालू आहे. मुलगा आता ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर आहे आणि दरमहा काही रक्कम आईच्या हाती देतो. चूल अजून एकच आहे. वजनाच्या पावत्या मात्र तात्या स्वतः घेतात, आणि खिशातल्या वहीत वाचून दाखवायला सांगतात ते नातवाला.

हंगामापूर्वी एवढे करा

कोऱ्या कागदावर आणि कोऱ्या चेकवर सही किंवा अंगठा देऊ नये. अंगठा लावण्यापूर्वी "कशासाठी?" हा प्रश्न विचारावा, मुलाला विचारायलाही लाजू नये. खरा मुलगा त्याचा राग मानणार नाही. आधारची प्रत देताना तिच्यावर कशासाठी दिली ते आणि तारीख लिहावी. बँकेला आणि आधारला आपला स्वतःचा नंबर असावा. मेसेज वाचता येत नसेल तर तो एकाकडूनच नव्हे, घरातल्या दोघांकडून वाचून घ्यावा. ऊस नोंद, तोडणी आणि वजनाच्या पावत्या एका पिशवीत जपाव्यात आणि बिल निघाल्यावर पासबुक भरून ताडून पाहावे. कलम ३० प्रमाणे वारस म्हणून कुणाचे नाव लावले आहे ते भाग विभागात एकदा पाहून घ्यावे. घरातील सभासद वारला असल्यास मृत्यूचा दाखला वेळेत आणून द्यावा.

विशेषतः महिला सभासदांनी, ज्यांच्या नावावर भाग आहे पण ज्यांनी आजवर बिलाची पावती पाहिलेली नाही, त्यांनी निदान एकदा गट कार्यालयात यावे. आपल्या नावावर किती ऊस गेला आणि पैसे कुठे जमा झाले हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. त्यासाठी कुणाला बरोबर आणण्याची गरज नाही.

ऊस नोंदीच्या वेळी खाते क्रमांक आणि मोबाईल नंबर समक्ष तपासून घ्यावा, आणि खाते बदलायचे असल्यास सभासदाने स्वतः हजर राहावे, ही नम्र विनंती. शेतकी खात्याची मंडळी सही पडताळताना दोन प्रश्न जास्त विचारतील. त्याचा राग मानू नये. ते प्रश्न आपल्यावर अविश्वास म्हणून नव्हे, आपल्या नावाची राखण म्हणून आहेत.